जिन्याचा मालक

मंगळवारी सकाळी ताई एका घाबरट कारकुनाला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. तेवढ्यात तिच्या फोनवर वकीलबाईंचं नाव झळकलं. शिकवणी चालू असताना ताई कधी फोन घेत नसे. पण परवा, गुरुवारी अकरा वाजता, तिच्या आणि तिच्या बहिणीच्या नावावर घर होणार होतं, त्यामुळे तिने कारकुनाला हातब्रेक ओढायला सांगितला आणि फोन कानाला लावला.

वकीलबाई फार बोलत नसत. त्या म्हणाल्या, "घराचे कागद स्वच्छ आहेत. फक्त घरात जायचं कसं, ते कुठल्याच कागदात नाही."

ताईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. कारकुनाला तिने त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं, उरलेली वीस मिनिटं पुढच्या वेळी देईन म्हणाली, आणि गाडी थेट चष्म्याच्या दुकानाकडे वळवली. तिथे तिची बहीण भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करत असे. घरात आणि दुकानात सगळे तिला छोटी म्हणत, आणि ती ताईपेक्षा वीतभर उंच होती. नऊ वर्षं दोघी भाड्याच्या एकाच खोलीत राहत होत्या. रात्री दहानंतर नळ सोडायचा नाही, भिंतीला खिळा मारायचा नाही, पाहुणा आला तर आधी सांगायचं, असे घरमालकाचे नियम दोघींना तोंडपाठ होते. घर विकणाऱ्या दंतवैद्यांचा वरचा मजला पहिल्यांदा बघितला, त्या दिवशी छोटीने एका भिंतीला हात लावून विचारलं होतं, इथे खिळा मारला तर चालेल का. दंतवैद्य म्हणाले होते, घर तुमचं झाल्यावर भिंत पाडलीत तरी मी कोण विचारणारा.

तिला घेऊन ताई वकीलबाईंच्या ऑफिसात गेली. ते झेरॉक्सच्या दुकानावर होतं. त्यांनी टेबलावर तीन दस्त ओळीने मांडले आणि एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने इमारत काढली. खाली गाद्यांचं दुकान, वर दंतवैद्यांच्या तीन खोल्या, आणि पूर्वेच्या भिंतीला चिकटून वर जाणारा लोखंडी जिना.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक खरेदीखतात मिळकतीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते. दंतवैद्यांनी एकतीस वर्षांपूर्वी मजला घेतला, त्या खतात पूर्वेला लिहिलं होतं, 'चार फुटांची मोकळी पट्टी'. मिळकत पट्टीच्या अलीकडेच संपत होती, आणि जिना उभा होता पट्टीवर. मग पट्टी कुणाची? ते शोधायला बाई मागे मागे गेल्या आणि त्यांना एक जुनं वाटणीपत्र सापडलं. तीन भावंडं. थोरल्याला तळमजला, मधल्याला वरचा मजला, आणि धाकट्या बहिणीला मागच्या अंगणातली खोली आणि तिच्याकडे जाणारी ही बोळ. ती खोली पुढे मागचा रस्ता रुंद करताना गेली. बोळ राहिली आणि सगळे विसरले. जिना तेव्हा इमारतीच्या आत होता. थोरल्याने दुकानासाठी तो पाडला आणि दोघा भावांनी बहिणीच्या जागेवर लोखंडी जिना उभा केला. बहिणीला विचारलं असेल किंवा नसेल, पण कागद काही केला नाही.

तेवढ्यात दंतवैद्य धापा टाकत आले. शुक्रवारी ते मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते, सामान बांधून झालं होतं. ते म्हणाले, एकतीस वर्षं माणसं गाल धरून तो जिना चढली, कुणी म्हणून कुणी काही विचारलं नाही.

वकीलबाईंनी मान डोलावली. तो मुद्दा आपल्या बाजूचा आहे, त्या म्हणाल्या. एखादी वाट वर्षानुवर्षं उघडपणे, हक्काने वापरली, तर वहिवाटीचा हक्क तयार होतो. शिवाय वर जायला दुसरी वाटच नसेल, तर कायदा सहसा माणसाला अधांतरी ठेवत नाही. पण हे सगळं कोर्टात सिद्ध करावं लागतं. उद्या कुणी म्हणालं, की बहिणीने भावांना प्रेमाने परवानगी दिली होती, तर तो वापर हक्काचा नसून मेहेरबानीचा ठरू शकतो.

"म्हणजे आम्हाला जिना मिळेल की नाही?" छोटीने विचारलं.

"बहुधा मिळेल," वकीलबाई म्हणाल्या. "पण बहुधा या शब्दावर घर घेऊ नये."

त्यांच्या मते उपाय एकच होता. ती बहीण किंवा तिचे वारस गाठायचे आणि गुरुवारच्या आधी त्यांच्याकडून जिन्याचा हक्क लेखी घ्यायचा. वाटणीपत्रात बहिणीच्या नवऱ्याचा धंदा लिहिला होता, 'वजनकाटे दुरुस्ती'. पत्ता होता, पण त्या जागी आता बँक होती.

खरं म्हणजे ताईचे हातपाय गळायला हवे होते. पण ऑफिसचा जिना उतरता उतरता तिच्या अंगात वेगळंच वारं शिरलं. हरवलेल्या जिन्याचा मालक शोधायचा, तोही दोन दिवसांत. छोटीचे डोळे तर आधीच चमकत होते. तिने दुकानात फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं आणि शिकवणीच्या गाडीत ताईशेजारी, जिथे एरवी ताई बसते, तिथे बसली. त्या बाजूलाही ब्रेक होता. छोटीला काही सुचलं की तिचा पाय आपोआप त्याच्यावर पडे आणि गाडी भर रस्त्यात गचकन थांबे. मागचे लोक पाटीवरचं 'शिकाऊ' वाचून गप्प बसत.

धान्यबाजाराजवळ गाडी अशीच थांबली. छोटी म्हणाली, जुन्या काट्यांवर दुरुस्त करणाऱ्याच्या नावाची पट्टी असते, मी पाहिली आहे. दोघींनी दुकानं पालथी घातली. पहिल्या सहा ठिकाणी बटणांचे नवे काटे होते. सातव्या दुकानदाराने मात्र मागच्या खोलीतला मोठा जुना काटा दाखवला. त्याच्या पायाशी पितळेची पट्टी होती, आणि काळवंडलेली पितळ छोटीने ओढणीने घासल्यावर तिच्यावर तेच आडनाव निघालं, जे वाटणीपत्रात होतं. खाली पत्ताही होता. दुकानदार म्हणाला, म्हातारे गेले, पण मुलगा आहे, तोच यायचा काटा बघायला. आता कोण बोलावतंय त्याला.

तो मुलगा अडुसष्ट वर्षांचा निघाला. बंद दुकानाच्या मागे एका खोलीत तो आणि त्याची बायको भाड्याने राहत होते. बाजारात त्याला सगळे काटेवाले म्हणत. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, प्रत्येक शब्द मोजून टाकणारा माणूस. ताईने सगळं सांगितलं आणि वाटणीपत्राची प्रत पुढे ठेवली. त्याने आधी दोघींना नीट न्याहाळलं. हल्ली लोक दारात येऊन काय काय सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने खिशातून भिंग काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. वाचता वाचता बोट एका जागी थांबलं.

"हे माझ्या आईचं नाव आहे," तो म्हणाला.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तो तिचा एकुलता एक. आईने कधी काही सांगितलं नव्हतं. तिलाही बहुतेक वाटलं असावं, की खोली गेली तिथेच सगळं संपलं. त्याने कागद बायकोकडे दिला, तिने तो वाचला, परत त्याच्याकडे दिला. मग तो उठला, चपला घातल्या, एक पोलादी टेप खिशात टाकली आणि म्हणाला, चला, बघू या.

त्या दिवशी गाद्यांच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी गाद्या सोडून बाहेर काय चाललंय तेच पाहिलं. काटेवाल्यांनी बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. लांबी एकतीस फूट. रुंदी चार फूट दीड इंच. तो दीड इंच त्यांनी तीनदा मोजला आणि दर वेळी तितकाच भरला. मग ते जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. मधल्या पायरीवर बसून त्यांनी कठडा हलवून बघितला. सगळ्यात शेवटी ते जिन्याखाली वाकून गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या मागोमाग आलेल्या त्यांच्या बायको, काकू, ताईला हळूच म्हणाल्या, लग्नाच्या दिवशीसुद्धा हे इतके खूश नव्हते.

गादीवाल्या दुकानदाराने आपला फलक बोळीच्या तोंडाशी रोवला होता. काटेवाल्यांनी त्याला विचारलं, हा कुणाचा. दुकानदाराने उलट विचारलं, तुम्ही कोण. तेव्हा काटेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, "मी या जागेचा मालक," आणि स्वतःच दचकल्यासारखे झाले.

ताईला वाटलं, लोखंड तापलेलं आहे तोवर विचारून घ्यावं. ती म्हणाली, ही पट्टी आम्हाला विकाल का, योग्य तो भाव देऊ.

"नाही," काटेवाले म्हणाले. "अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझं निघालंय. ते मला कळून अजून तीन तास झाले नाहीत. लगेच कसं विकू?"

ताईचा चेहरा उतरला. गुरुवार तिच्या डोळ्यांसमोरून निघून चालला. दंतवैद्य वरच्या गॅलरीतून ऐकत होते, त्यांनी कपाळाला हात लावला. पण छोटी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली, म्हणजे काटेवाल्यांच्या उंचीला आली, आणि म्हणाली, "काका, विकू नका. तुमचा जिना तुमचाच राहू दे. फक्त आम्हाला चढू-उतरू द्याल का?"

काटेवाले हसले. ते म्हणाले, चढू-उतरू न देऊन मी जिन्याचं करू काय, लोणचं?

बुधवारचा दिवस वकीलबाईंच्या ऑफिसात धावपळीत गेला. जागेच्या सरकारी नोंदीत अजून आईचंच नाव होतं, आणि काटेवाल्यांना धास्ती वाटली, की आपण मालक नाहीच. बाईंनी समजावलं, मालकी वारसाकडे माणूस जाताक्षणी येते, नोंद ही फक्त नंतरची खूण. नोंद लावून घ्यायचीच, त्याचा अर्ज आजच टाकू, पण ती नाही म्हणून तुमचा हक्क अडत नाही. मात्र तुम्ही त्यांचे एकुलते एक वारस आहात, याचे कागद हवेत. आईचा मृत्यूचा दाखला होता. काटेवाल्यांच्या जन्मदाखल्यावर मात्र आईचं नाव माहेरचं लागलेलं, तेही अर्धंच. काकू रिक्षाने घरी गेल्या आणि वजनांच्या जुन्या लाकडी पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आल्या. त्याच्यावर आईचं पूर्ण नाव होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'गणितात उत्तम, वर्तन बरे' असं लिहिलं होतं. हे वाचून छोटी इतकी हसली, की बाईंनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वारसाचं प्रतिज्ञापत्र तिथेच टाइप झालं.

मसुदा वाचायला घेतल्यावर खऱ्या वकील काकूच निघाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जिन्यावरून कुणी पडलं तर जबाबदार कोण. वकीलबाई म्हणाल्या, चांगला प्रश्न, मालकीबरोबर जबाबदारी येतेच, म्हणून ते आत्ताच लिहून ठेवू. ठरलं असं, की जिना वापरणारे म्हणून रंग, डागडुजी, दिवा हे सगळं बहिणींनी बघायचं, आणि काटेवाल्यांनी वाट कधी अडवायची नाही. हा हक्क बहिणींना म्हणून दिलेला नव्हता, वरच्या मजल्याला दिलेला होता. उद्या त्यांनी घर विकलं तर घेणाऱ्याला जिना मिळेल, आणि काटेवाल्यांनी पट्टी विकली तरी नव्या मालकाला तो द्यावाच लागेल.

"मग यांच्याकडे उरलं काय?" काकूंनी विचारलं.

"वाटेला अडथळा न होता जे जे करता येईल ते सगळं," वकीलबाई म्हणाल्या. "उदाहरणार्थ, जिन्याखालची जागा."

काटेवाले ताडकन सरळ बसले. कालपासून त्यांच्या मनात तेच घोळत होतं, पण बोलायचा धीर होत नव्हता. तिथे टेबल मावतं, त्यांनी मोजलं होतं. पालिकेने परवानगी दिली तर घरातले, दवाखान्यातले, सोनारांचे लहान काटे ते तिथे दुरुस्त करू शकत होते. स्वतःचं दुकान त्यांनी भाडं झेपेना म्हणून चार वर्षांपूर्वी बंद केलं होतं. ते इतक्या उत्साहाने सांगत होते, की शब्द मोजायचं भानच राहिलं नाही. हक्काचा मोबदला म्हणून एक रक्कम ठरली, ती दंतवैद्यांनी आपल्या किमतीतून सोडली. घासाघीस झाली नाही. त्यांना शुक्रवारी जायचं होतं.

सगळे गेल्यावर बाईंनी दोघी बहिणींना थांबवून घेतलं. तुमची दोघींची नावं लागणार आहेत, त्या म्हणाल्या, पण हिस्सा किती किती, ते स्पष्ट लिहायला हवं. नाहीतर पुढे कोण काय म्हणेल सांगता येत नाही. आणि हेही लक्षात घ्या, की ही खोली हिची, ती खोली तिची, असं खतात होत नसतं. सगळ्या घरात दोघींचा वाटा असतो. एकीला विकायचं झालं तर तिला आपला वाटा विकता येतो, खोली नाही.

छोटी खाली बघत म्हणाली, ताईने जास्त घातलेत, तिचं जास्त लिहा. आईबाबा गेल्यापासून छोटीची फी, छोटीचा डबा, छोटीचा ताप, सगळं ताईनेच बघितलं होतं, आणि त्याचा हिशेब तिने कधी मांडला नव्हता.

"निम्मं निम्मं लिहा," ती म्हणाली. "हिच्याशी भांडायचं तर बरोबरीने भांडता आलं पाहिजे."

छोटीने तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बराच वेळ बघत राहिली.

गुरुवारी नोंदणी कार्यालयात सगळे दहालाच हजर होते. वकीलबाईंनी क्रम पक्का करून ठेवला होता, आधी जिन्याचा हक्क नोंदवायचा, मग घर. उलटं झालं तर मधल्या पाच मिनिटांत बहिणी बिनजिन्याच्या घराच्या मालकिणी होतील, आणि ती पाच मिनिटंसुद्धा बाईंना नको होती. खिडकीपलीकडच्या कारकुनाने मिळकतीचं वर्णन दोनदा वाचलं आणि विचारलं, घर कुठाय यात. घर पुढच्या दस्तात, बाई शांतपणे म्हणाल्या.

मग काटेवाले अडून बसले. दस्तात रुंदी चार फूट लिहिली होती, आणि त्यांनी स्वतः चार फूट दीड इंच मोजली होती. जन्मभर वजनमाप तंतोतंत करणाऱ्या माणसाने खोट्या मापावर सही कशी करायची? मागे रांग वाढत होती. बाईंनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, तुमच्या आईला वाटणीत जेवढं लिहून दिलं तेवढंच तुम्हाला पुढे लिहून देता येतं. वरचा दीड इंच कुणाचा, हे सरकारी मोजणी आल्यावर ठरेल. उगाच जास्त लिहिलंत तर उद्या गादीवाला दस्तालाच हरकत घेईल. काटेवाल्यांनी यावर खूप विचार केला. मग सही केली, अंगठा उठवला, कॅमेऱ्यासमोर ताठ बसले, आणि परत येऊन विचारलं, मोजणीचा अर्ज कुठे मिळतो.

घराचा दस्त त्यानंतर वीस मिनिटांत झाला. ताईची सही तिच्या नेहमीच्या सहीपेक्षा मोठी आली. छोटीच्या अंगठ्याला रोजच्या घासण्याने रेघाच उरल्या नव्हत्या, यंत्र तो घेईना, चौथ्या वेळी घेतला. दंतवैद्यांनी किल्ल्यांचा जुडगा ताईच्या हातात दिला आणि सांगितलं, गॅलरीचं दार पावसात फुगतं, लाथ मारावी लागते. मग त्यांना एकदम भरून आलं आणि ते चटकन बाहेर निघून गेले.

दुपारी दोघी जिना चढून घरात आल्या. दंतवैद्यांचं सामान सकाळीच पुढे गेलेलं, खोल्या रिकाम्या, फक्त एका कोपऱ्यात दात दुखणाऱ्यांसाठी ठेवलेला बाक तसाच राहिलेला. त्यावर त्या दोघी बसल्या, उठल्या, या खोलीतून त्या खोलीत गेल्या, सगळे नळ सोडून बघितले. कोण कुठे झोपणार यावरून पंधरा मिनिटांत पहिलं भांडण झालं. छोटी म्हणाली, वाटा सगळ्या घरात आहे, बाईंनी सांगितलंय, मी तिन्ही खोल्यांत झोपेन. ताईला हसू आवरेना.

खालून बोलण्याचा आवाज आला. दोघी गॅलरीत धावल्या. काटेवाले जिन्याखाली खडूने टेबलाची जागा आखत होते आणि काकू फूटभर डावीकडे सरकवा म्हणून सांगत होत्या. गादीवाला दुकानातून बाहेर आला, हाताची घडी घालून थोडा वेळ बघत उभा राहिला. त्याच्या फलकाचं काय करायचं, याचं बोलणं बहुतेक आधीच झालं होतं, कारण काटेवाल्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. फलक मालकाच्या परवानगीने ठेवला आहे, आणि मालक सांगेल तेव्हा काढू, असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. गादीवाल्याने कुरकुरत सही केली आणि विचारलं, माझा गल्ल्यावरचा, कापूस तोलायचा काटा हल्ली दहा ग्रॅम कमी दाखवतो, बघाल का.

काटेवाल्यांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, आणा, आत्ताच बघतो.